खुर्च्या परत गेल्यावर

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ८ मार्च मागे पडून जवळजवळ तीन महिने झालेले असतील. एरवी या पानावर मेळाव्याचा वृत्तांत आला असता. तो लिहूनही झाला होता. ‘पूर्व भागातील विडी कामगार महिलांचा मेळावा मोठ्या उत्साहात पार पडला’ हे त्याचे पहिले वाक्य. ते खोटे नाही. उत्साह होता आणि मेळावा पारही पडला. पण त्यानंतरच्या चार दिवसांत जे घडले ते कळल्यावर तो वृत्तांत छापायला हात धजेना. त्याऐवजी हे लिहिते आहे.

त्या संध्याकाळी मांडववाल्याची माणसे आली. खुर्च्या मोजून घेतल्या, चार कमी भरल्या. दोन कार्यकर्त्या शेजारच्या गल्लीत जाऊन त्या चार खुर्च्या शोधून घेऊन आल्या. सतरंज्या झटकल्या, बॅनर गुंडाळला, उरलेला मसालेभात वाटून टाकला, माइकवाल्याचे पैसे चुकते केले. साडेआठपर्यंत मैदान स्वच्छ. महिनाभर धावपळ करून सगळ्याजणी थकल्या होत्या. ‘आता दोन दिवस ऑफिस बंद, सगळ्यांनी झोपा काढा,’ असे मीच म्हटले. सगळ्यांना ते पटले.

मेळाव्यात शेवटचा अर्धा तास बायकांच्या मनोगतांसाठी ठेवला होता. कुणी बोलेल की नाही, याची धाकधूक होती. तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. वय तिशीच्या आत. माइक हातात कसा धरायचा ते तिला आमच्या कार्यकर्तीने दाखवले. ती तेलुगूत बोलली. हजार विड्या वळून आणलेली मजुरी नवरा कशी काढून घेतो, दिली नाही तर काय होते, दोन्ही मुली कुठे लपून बसतात, हे तिने न थांबता सांगितले. मैदान शांत झाले. मग टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तिला जवळ घेतले, फोटो निघाला. लगेच समारोपाचे गाणे सुरू झाले आणि ती गर्दीत मिसळली. ती कुठे राहते, घरी कुणाबरोबर जाणार, हे आमच्यापैकी एकीनेही विचारले नाही. तेव्हा आम्ही पाहुण्यांच्या रिक्षा शोधत होतो.

ती घरी पोचण्याआधीच तिचे बोलणे घरी पोचले होते. ती रात्र तिने दोन्ही मुलींना घेऊन चाळीच्या जिन्यात काढली. सकाळी मेळाव्याचे पत्रक हातात धरून ती आमच्या ऑफिसवर आली. पत्रकाच्या तळाला आम्हीच मोठ्या अक्षरांत छापले होते: ‘अडचणीत असाल तर या पत्त्यावर या, एकट्या राहू नका.’ दाराला कुलूप होते. शेजारच्या शिंप्याच्या फोनवरून तिने पत्रकावरचा नंबर लावला. संघटनेचा तो फोन ऑफिसच्या कपाटात, कुलपाच्या आत वाजत राहिला. नंतर पाहिले तेव्हा त्यावर सात मिस्ड कॉल होते. दुपारपर्यंत ती शिंप्याच्या पायरीवर बसली आणि मग आईच्या गावाला जाणाऱ्या एस. टी. त बसली.

हे आम्हाला कळले १२ तारखेला, तेही विडी कारखान्यात माल द्यायला रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईकडून. ‘अक्का, तुमच्या मीटिंगमध्ये बोलली ती, तिचं काय झालं ठाऊक हाय का?’ असा तिने प्रश्न केला. आम्हाला ठाऊक नव्हते.

मला एम. एस. डब्ल्यू. च्या दोन वर्षांत कार्यक्रमाचे मूल्यमापन कसे करायचे ते शिकवले होते. उद्दिष्टे, सहभाग, निष्पत्ती, शिफारशी असे रकाने असतात. आजवर ते रकाने मी निष्ठेने भरत आले आहे. मदत देणाऱ्या संस्थेला पंधरा दिवसांत अहवाल हवा असतो: उपस्थिती किती, वक्ते कोण, फोटो कुठे, वर्तमानपत्रातले कात्रण कुठे. याही वेळी तो अहवाल वेळेत गेला. त्यात त्या बाईचा उल्लेख आहे. ‘एका सहभागी महिलेने निर्भयपणे आपली व्यथा मांडली,’ हे मी ११ तारखेच्या रात्री लिहिले. तेव्हा ती घराबाहेर पडून तीन दिवस झाले होते.

आढावा बैठक आम्ही दोनदा घेतली. पहिली नेहमीसारखी: ऑफिसात, मराठीत, आमची आम्ही. त्यात मांडव किती महाग पडला, पाहुणे किती उशिरा आले, चहा कसा कमी पडला, यावर दोन तास गेले. दुसरी वस्तीत घेतली. बायका कारखान्यात माल देऊन परत आल्यावर, संध्याकाळी, एका बाईच्या ओट्यावर, तेलुगूत. आमची एक कार्यकर्ती माझ्यासाठी मराठीत सांगत होती. पहिल्या बैठकीत जे एकदाही निघाले नाही ते तिथे अर्ध्या तासात निघाले.

पहिली गोष्ट वेळेची. मेळावा सकाळी ११ ते दुपारी २ ठेवला, कारण ती वेळ वक्त्यांना सोयीची होती. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस मात्र पानावर चालतो. रात्री पान भिजवायचे, सकाळी कापायचे, मग सुपात तंबाखू घेऊन बसायचे. माल तपासताना खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या की त्यांचे दाम नाहीत. मजुरी हजारावर मिळते. दिवस बुडला तर बुडला. आमच्या तीन तासांसाठी कित्येकींनी आदल्या रात्री दिव्याखाली जागून विड्या वळल्या होत्या. काहींच्या मुली त्या दिवशी शाळेत गेल्या नाहीत, आईच्या वाटणीच्या विड्या पूर्ण करत बसल्या. मुलींच्या शिक्षणावर आम्ही मंचावरून बोलत होतो, त्याच वेळी त्यांच्या मुली घरी धागा गुंडाळत होत्या.

दुसरी गोष्ट भाषेची. सोलापुरात हे सांगावे लागणे हीच शरमेची बाब. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एका गल्लीत ऐकू येतात, आणि पूर्व भागात तर घराघरात तेलुगू. तरी आमची सगळी भाषणे मराठीत झाली. एक म्हातारी म्हणाली, ‘बाकीच्या हसल्या की मी पण हसले.’ कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर वकील ताई चाळीस मिनिटे बोलल्या, चांगले बोलल्या. त्यातले बायकांना काय आठवते, ते विचारले. ‘कायदा आहे’ एवढे आठवत होते. अर्ज कुणाकडे करायचा हे एकीलाही सांगता आले नाही. २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. संरक्षण अधिकारी नावाची व्यक्ती बाईच्या तक्रारीचा घटना अहवाल तयार करते. अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे जातो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायद्यात लिहिले आहे. घर कुणाच्याही नावावर असो, सामाईक घरात राहण्याचा हक्क बाईला आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे पाच मिनिटांत, तेलुगूत, कचेरीची खूण सांगून सांगता आले असते. जिन्यात बसलेल्या बाईच्या उपयोगी पडले असते ते एवढेच.

तिसरी गोष्ट ऐकून मी गप्पच झाले. सह्यांच्या वहीबद्दल एकीने विचारले, ‘त्या यादीचं पुढं काय झालं? घर कधी मिळणार?’ मला आधी समजेना. मग समजले. सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या आयुष्यात नावांच्या यादीला मोठा अर्थ आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली ती विडी कामगार बायकांच्या संघटित लढ्यातून. मोर्चे, धरणे, वर्गणी, कागद, पुन्हा मोर्चे. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. ज्या गावात यादीत नाव असणे आणि डोक्यावर छप्पर असणे यांचे नाते बायकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, तिथे कुणी वही पुढे केली तर बाई ती कशाला समजणार? आम्हाला हजेरी हवी होती. त्यांनी आशेवर सही केली. मेळाव्याला एवढ्या बायका का आल्या याचे एक कारण हेही होते, आणि आम्ही ते आमच्या लोकप्रियतेच्या खात्यात जमा केले.

सगळेच काही चुकले नव्हते. तेही सांगायला हवे, नाहीतर आढावा म्हणजे आपल्याच पाठीवर फटके मारून घेणे होते. मेळाव्यातले काय आवडले असे विचारले तेव्हा बायका हसायला लागल्या. मुलींनी केलेले नाटुकले आवडले, कारण त्यात तंबाखूच्या धुळीने शिंकणारी आई हुबेहूब होती. दीपप्रज्वलन एका विधवा बाईच्या हातून झाले ते पुष्कळजणींच्या लक्षात होते. आणि एकजण म्हणाली, ‘तीन तास कुणी मला हाक मारली नाही. पाणी आण म्हणालं नाही. खुर्चीवर नुसती बसले.’ आमच्या कुठल्याच उद्दिष्टात हे लिहिलेले नव्हते. पुढच्या वेळी लिहू.

या बैठकीनंतर आम्हा कार्यकर्त्यांमध्ये मोठा वाद झाला. एका मैत्रिणीचे म्हणणे, यापुढे खुल्या मैदानात मनोगते नकोतच. जिच्या घरी परत जाण्याच्या वाटेची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही तिला माइक देण्याचा आपल्याला अधिकार नाही. दुसरी म्हणाली, बाईने कधी आणि कुठे बोलायचे हे ठरवणारे आजवर काय कमी होते, आता त्यात आपणही भर घालायची? दोघींचेही मला पटत होते आणि दोघींचेही अपुरे वाटत होते. त्यावर आमच्या ज्येष्ठ ताई, ज्यांनी ऐंशीच्या दशकातली चळवळ पायी पाहिली आहे, शांतपणे म्हणाल्या, ‘तेव्हा आमच्याकडे ऑफिस नव्हतं, म्हणून कुलूपही नव्हतं. बाई थेट घरी यायची, आणि चपातीच्या पिठाच्या हातानं आम्ही दार उघडायचो.’ त्यात जुन्या दिवसांचे कौतुक होते, टोमणाही होता. पण त्या वेळच्या कामाचेही सगळे खरे मानायचे कारण नाही, हे ताईंनीच पुढे सांगितले.

त्यांनी मथुरा खटल्याची आठवण काढली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले आणि १९८० च्या ८ मार्चला शहराशहरांतून बायका रस्त्यावर आल्या. त्या लाटेतून महाराष्ट्रात आणि देशभर संघटना उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपण सगळ्या त्या मोर्च्यांच्या लेकी आहोत. पण जिच्या नावाने घोषणा दिल्या त्या मथुरेचा निकाल मात्र बदलला नाही. पुढे येणाऱ्या मुलींसाठी कायदा बदलला आणि तिच्या पदरात जुनाच निकाल राहिला. तो निकाल फिरवणे मोर्चा काढणाऱ्यांच्या हाती नव्हते हे मान्य. आमच्या तिसऱ्या रांगेतल्या बाईचे तसे नव्हते. तिच्यासाठी दार उघडे ठेवणे आमच्या हाती होते. तिच्या बोलण्याने मेळाव्याला वजन आले, अहवालाला फोटो मिळाला. तिला काय मिळाले, हा प्रश्न मैदानातच विचारायला हवा होता.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. लाखाच्या घरात बायका आल्या. शरद जोशींच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकींचे मतभेद होते आणि आहेत. परंतु ते अधिवेशन मांडव उतरल्यावर संपले नाही, एवढे मानावे लागते. पुढच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि गावोगाव शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. सातबाऱ्यावर चढलेले बाईचे नाव पुढच्या वर्षीही तिथेच असते. मेळाव्यातून काय निघाले हे पाहायचे तर अशी एखादी नोंद शोधावी लागते.

आपल्या सोलापुरातच एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिच्याकडे मी याच निमित्ताने नव्याने पाहिले. सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आपली गड्ड्याची जत्रा. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम, मग शोभेचे दारूकाम. बाहेरगावच्या माणसाला वाटते, दारूकाम झाले, जत्रा संपली. पण तसे नाही. शेवटी कप्पडकळी असते, नंदीध्वजांवरची वस्त्रे उतरवण्याचा विधी. नंदीध्वज सजवायला जसे मानकरी आहेत तसा उतरवण्यालाही मान आहे, वेळ ठरलेली आहे, आणि तो झाल्याशिवाय यात्रा पूर्ण झाली असे कुणी म्हणत नाही. (अक्षतांच्या सोहळ्यामागच्या कुंभारकन्येच्या कथेवर आपल्याला पुष्कळ बोलायचे आहे, ते पुन्हा कधीतरी.) आपण कार्यकर्त्यांनी मात्र समारोप म्हणजे आभारप्रदर्शन असे धरून ठेवले आहे. आभार मानायला उठलेली बाई बोलू लागते तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात.

आम्ही ठरवलेले थोडक्यात लिहिते. तुमच्या वस्तीत यातले काय चालेल, काय नाही, ते तुम्ही ठरवा.

एक. कार्यक्रमानंतरचे तीन दिवस हे कार्यक्रमाचेच दिवस. त्या दिवसांत ऑफिसचे दार उघडे आणि फोन चालू. विश्रांती हवीच, पण ती पाळीपाळीने आणि चौथ्या दिवसापासून. ज्या दोघी या तीन दिवसांच्या पाळीवर असतील त्यांना मेळाव्याच्या दिवशी दुसरे काम नाही.

दोन. माइक खुला राहील. पण बोलणाऱ्या बाईशेजारी तिची भाषा येणारी एक कार्यकर्ती बसेल. बोलण्याआधी तिला एवढेच विचारेल: हे घरी कळले तर काय होईल? बोलून झाल्यावर ती तिच्याबरोबर घरापर्यंत जाईल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईल. फोटो तिला विचारल्याशिवाय नाही.

तीन. वेळ बायका ठरवतील, वक्ते नाही. सत्कार बंद. त्यातून वाचलेला वेळ गटागटांतल्या बोलण्याला, ज्या त्या भाषेत.

चार. सही घेण्याआधी वही कशासाठी आहे हे तीनदा सांगायचे: घर, कार्ड, कर्ज यांपैकी कशाचीही ही यादी नाही. उपस्थिती कमी झाली तर होऊ दे.

पाच. पत्रकावर ‘या पत्त्यावर या’ असे छापायचे असेल तर त्याच्याखाली १८१ आणि ११२ हे क्रमांकही छापायचे, कारण आपले दार कधीतरी बंद असणारच आहे.

सहा. आढावा बैठक वस्तीत, आठवड्याच्या आत. महिन्याभराने दुसरी. तिथे एकच विषय: ज्या बोलल्या त्या आता कुठे आहेत?

मदत देणाऱ्या संस्थेलाही आम्ही दुसरे पत्र पाठवले. पहिल्या अहवालात काय राहून गेले ते लिहिले आणि पुढच्या अंदाजपत्रकात मेळाव्यानंतरच्या दिवसांचा खर्च, रिक्षाभाडे आणि दुभाषी कार्यकर्तीचे मानधन वेगळे दाखवले. मांडवाला पैसे मिळतात, घरापर्यंत सोबत जाण्याला मिळत नाहीत, ही तक्रार आपण सगळ्या चहा पिताना करतो. ती कागदावर करायला हवी होती.

आणि ती? १३ तारखेला आम्ही दोघी तिच्या आईच्या गावी गेलो. आम्हाला पाहून ती उठली नाही. पाणी तिच्या आईने दिले. मी माफी मागितली. माफीने काय होते, हे मला ठाऊक नव्हते, तिलाही नसावे. बऱ्याच वेळाने तिने विचारले, ‘आता यायचं असेल तर दार उघडं असतं का?’ पुढच्या आठवड्यात ती आली. संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन अर्ज केला. प्रकरण अजून चालू आहे आणि साठ दिवसांची मुदत कागदावरच राहिली आहे. त्यासाठी आम्ही तारखेला तिच्याबरोबर जातो. मुली परत शाळेत जाऊ लागल्या आहेत. ती सध्या बहिणीकडे राहून विड्या वळते. सगळे नीट झाले असे मी लिहिणार नाही.

हे संपादकीय लिहिण्याआधी मी तिला तेलुगूत वाचून दाखवायची सोय केली. ओळख पटेल असे सगळे काढून टाकले आहे. मेळाव्यात बोलल्याचा पश्चात्ताप होतो का, असे मी विचारले. ती म्हणाली, बोलल्याचा नाही. मग मजकुरातले काय काढू, काय ठेवू, असे विचारले. त्यावर तिने एकच सांगितले: ‘माझं नाव लिहू नका. कुलूप लिहा.’

म्हणून लिहिले.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही यंदा ८ मार्च झाला असेल. त्याचे फोटो आणि वृत्तांत आमच्याकडे आले आहेत, त्यांतले काही या अंकात आहेत. पुढच्या अंकासाठी मात्र वेगळे काही पाठवा. तुमचा ९ मार्च कसा गेला, ते लिहून कळवा.